सॉनिकसारखी चाल हवी असेल तर तयार फिजिक्स बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये द्विमितीय प्लॅटफॉर्म गेम (पळत-उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ) बनवणं चालू आहे आणि पात्राची चाल सेगाच्या पहिल्या ‘सॉनिक द हेजहॉग’सारखी हवी आहे. इंजिनचं तयार फिजिक्स लावलं तर पात्र उतारावर टप्पे खात उतरतं, टाइल्सच्या (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांच्या) सांध्यांवर अडखळतं आणि लूपमध्ये (पूर्ण गोल फिरणाऱ्या रस्त्यात) अर्ध्यातून खाली पडतं. १९९१ च्या मशीनवर हे इतकं गुळगुळीत कसं चालत होतं, आणि आज हाताशी एवढी ताकद असून का जमत नाही?

मी बरीच वर्षं प्लॅटफॉर्म गेमच्या हालचालींचा कोड लिहितो आहे आणि सॉनिकचा चाहत्यांनी उलगडलेला असेम्ब्ली कोड कामासाठी पुन्हापुन्हा वाचत आलो आहे. खाली दिलेले आकडे त्याच कोडमधले आहेत. माझं उत्तर असं की तुमची अडचण ताकदीची नाहीच. तयार फिजिक्स इंजिन पात्राला हवेत मोकळी सोडलेली वस्तू मानतं आणि जमिनीशी प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर सेकंदाला ६० वेळा येणाऱ्या प्रत्येक चित्राला) तिची टक्कर सोडवत बसतं. सॉनिक जमिनीवर असतो तेव्हा त्याची टक्कर होतच नाही. तो जमिनीला जोडलेला असतो आणि त्याच्याकडे वेगाचा एकच आकडा असतो: पृष्ठभागाच्या दिशेने किती पिक्सेल. आडवा वेग आणि उभा वेग हे दोन्ही त्या एका आकड्यातून आणि पायाखालच्या कोनातून दर फ्रेमला नव्याने काढले जातात. आडवा म्हणजे वेग गुणिले कोसाइन, उभा म्हणजे वेग गुणिले साइन. सपाटीवर पळणारा सॉनिक भिंतीकडे वळला तरी त्या वळण्याने तो आकडा बदलत नाही, बदलतो फक्त कोन (चढामुळे वेग घटतो तो हिशेब वेगळा, पुढे येईल). म्हणून सांध्यावर अडखळायला काही शिल्लकच उरत नाही.

आधी मशीन पाहू, कारण बरेच निर्णय तिथून आले. हा गेम ज्यावर चालायचा त्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलमध्ये मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता, सुमारे ७.६७ मेगाहर्ट्झचा. मुख्य मेमरी ६४ किलोबाइट. अपूर्णांकांचं गणित करणारी वेगळी चिप नाही. म्हणून सगळे वेग पूर्णांकात, एका पिक्सेलचे २५६ भाग धरून मोजलेले आहेत. कोनही अंशांत नाहीत. पूर्ण वर्तुळाचे २५६ भाग केले की कोन एका बाइटमध्ये मावतो आणि २५५ च्या पुढे गेला की आपोआप शून्यावर येतो. साइन-कोसाइनसाठी तयार तक्ता कार्ट्रिजमध्येच ठेवलेला. प्रत्येक फ्रेमला लागणारं काम म्हणजे तक्त्यातून आकडा उचलणं, गुणाकार आणि बेरीज.

आता ज्या आकड्यांमुळे सॉनिक सॉनिक वाटतो ते पाहा. उजवं बटण धरलं की दर फ्रेमला वेगात १२ भागांची भर पडते. कमाल धाव ६ पिक्सेल प्रति फ्रेम, म्हणजे १५३६ भाग. भागाकार करून पाहा: शून्यापासून कमाल धावेपर्यंत बरोबर १२८ फ्रेम लागतात, दोन सेकंदांहून थोडं जास्त. प्लॅटफॉर्म गेमच्या मानाने हे फार संथ आहे. पण विरुद्ध दिशेचं बटण दाबलं तर दर फ्रेमला १२८ भाग कमी होतात, म्हणजे पूर्ण धावेतून थांबायला १२ फ्रेम, सेकंदाचा पाचवा भाग. आणि बटण नुसतं सोडून दिलं तर घर्षण पुन्हा १२ भागांचंच, म्हणजे थांबायला दोन सेकंद. वेग कमवायला वेळ लागतो, तो सहजासहजी जात नाही, पण ठरवलं तर झटकन थांबता येतं. या तीन आकड्यांच्या नात्यात खेळाचा अर्धा स्वभाव आहे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या प्रोजेक्टमध्ये नेमकं उलटं दिसतं: वेग पाव सेकंदात पूर्ण, बटण सोडलं की जागच्या जागी थांबा. त्या चालीवर हवे तेवढे उतार आणि लूप काढा, सॉनिक वाटणार नाही, कारण खेळाडूने गमावण्यासारखं काही कमावलेलंच नसतं.

उतारांचा हिशेब असा. जमिनीवर पळताना दर फ्रेमला वेगातून ३२ गुणिले कोनाचा साइन एवढे भाग वजा होतात. चढ असेल तर वेग घटतो, उतार असेल तर वाढतो. ३० अंशांच्या चढावर साइन अर्धा, म्हणजे १६ भाग जातात आणि बटणाने मिळतात १२. बटण दाबून धरलं तरी वेग घटतच राहणार. तोल साधारण २२ अंशांवर साधतो. त्याहून तीव्र चढ नुसत्या बटणाच्या जोरावर जिंकता येत नाही, तिथे वेग आधीच घेऊन यावा लागतो. हे खेळाडूला कुठेही लिहून सांगितलेलं नाही. तो एकदा चढावर मंदावतो, मागे येतो, लांबून पळत येतो आणि पार करतो. एका आकड्याने केलेलं इतकं चांगलं शिकवणं मी दुसऱ्या गेममध्ये क्वचितच पाहिलं आहे.

आणि आता मला सर्वात आवडणारी गोष्ट. पळताना खाली दाबलं की सॉनिक गोळा होऊन लोळतो. लोळताना बटणाने वेग वाढवता येत नाही, फक्त कमी करता येतो. घर्षणही निम्मं, ६ भागांचं. पण उताराचा आकडा इथे दोन प्रकारचा आहे: वर जाताना २० भाग आणि खाली येताना ८०. चौपट! निसर्गात असं कुठेही घडत नाही. जेवढी उंची उतराल तेवढीच परत चढता येते, तीही घर्षण नसेल तर. इथे मात्र प्रत्येक दरी खेळाडूला नफ्यात सोडते. ग्रीन हिल या पहिल्या झोनमधल्या नागमोडी बोगद्यांतून तो गोळा तोफेतून सुटल्यासारखा बाहेर येतो त्याचं कारण हे आहे. खरं फिजिक्स लावून तो क्षण कधीच मिळणार नाही. गेमचे प्रोग्रामर यूजी नाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गाचा नियम माहीत असताना तो खेळाडूच्या बाजूने वाकवला, आणि त्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

जमीन कशी मांडली आहे हे समजलं की उरलेलं कोडं सुटतं. पहिल्या सॉनिकमध्ये पातळी २५६ बाय २५६ पिक्सेलच्या मोठ्या तुकड्यांची बनते आणि प्रत्येक तुकडा १६ बाय १६ च्या ब्लॉकचा. प्रत्येक ब्लॉकच्या आकारासाठी १६ उंचींची एक यादी असते, दर उभ्या रांगेला एक उंची. आणि त्या आकारासोबत एक कोन, एका बाइटचा. हा कोन कुणीतरी आधीच ठरवून लिहिलेला आहे, खेळताना मोजलेला नाही. तुमच्या गेममध्ये पात्र थरथरतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: इंजिन टक्करीच्या बिंदूवरून लंब काढतं, दोन टाइल्सच्या कोपऱ्यावर तो लंब भलतीकडे वळतो आणि पात्र एका फ्रेमपुरतं ‘भिंतीवर’ असल्यासारखं वागतं. सॉनिकमध्ये कोपरा नावाची गोष्टच नाही. ब्लॉक बदलला, त्याचा कोन वाचला, पुढे चला.

जमीन शोधण्यासाठी सॉनिकच्या पायांशी दोन सेन्सर, म्हणजे जमीन तपासणारे बिंदू, आहेत, मध्यापासून ९ पिक्सेल डावीकडे आणि ९ उजवीकडे, केंद्रापासून १९ पिक्सेल खाली. लोळताना हेच ७ आणि १४ होतात. प्रत्येक सेन्सर आपल्या जागेवरून थेट ब्लॉकचा क्रमांक काढतो. त्यात शोधाशोध नाही, आसपासच्या वस्तूंची यादी नाही. एक तक्ता आणि त्यातली एक जागा. मग ब्लॉकमधली उंची वाचून जमीन किती वर किंवा खाली आहे ते कळतं. दोन सेन्सरपैकी ज्याची जमीन जवळ, त्याची उंची आणि त्याचाच कोन घ्यायचा. अंतर १४ पिक्सेलच्या आत असेल तर सॉनिकला तिथे चिकटवायचं, नसेल तर तो हवेत गेला. दोहोंपैकी एकाच पायाखाली जमीन असेल तर काठावर तोल सावरण्याची हालचाल दाखवायची, तीही याच माहितीतून.

हे काम पात्र सावकाश चाललं तरी तेवढंच आणि सुसाट पळालं तरी तेवढंच. त्या काळात सेगाच्या अमेरिकी जाहिरातींनी ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ या शब्दाचा मोठा गाजावाजा केला होता. पण हा वेग ज्या कारणाने परवडला ते कारण असं साधं आहे: वेगवान सॉनिकसाठी प्रोसेसरला जास्तीचं काम पडतच नाही.

भिंती आणि छतासाठी तोच कोड चार दिशांना फिरवला आहे. कोन साधारण ४५ अंशांच्या पुढे गेला की सेन्सर खालीऐवजी उजवीकडे पाहू लागतात, मग वर, मग डावीकडे. भिंतीवर किंवा छतावर असताना वेग अडीच पिक्सेलच्या खाली गेला की सॉनिक सुटतो आणि ३० फ्रेम डावी-उजवी बटणं ऐकली जात नाहीत. हा अर्धा सेकंद विसरू नका. तो नसेल तर खेळाडू घसरताना लगेच पुन्हा वर ढकलत राहतो आणि चाल चिवट, कटकटीची होते. आणखी एक बारकावा: पळताना उताराची वजाबाकी छताच्या भागात, म्हणजे साधारण १३५ ते २२५ अंशांत, पहिल्या सॉनिकमध्ये केलीच जात नाही. लूपच्या माथ्यावर पडण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.

लूपबद्दल तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर चालीत नसून नकाशात आहे. बाजूने पाहिलेला लूप हा बंद गोल आहे. डावीकडून आत शिरायचं तर डावी बाजू भरीव असून चालणार नाही. उजवीवर चढायचं तर ती भरीव हवी. माथा ओलांडून डावीकडून खाली उतरताना नेमकं उलटं लागतं. दोन्ही एकाच वेळी भरीव ठेवता येत नाहीत. पहिल्या सॉनिकमध्ये लूपच्या तुकड्याला एक जोडीदार तुकडा दिलेला आहे, ज्यात टक्करीची मांडणी उलट आहे. सॉनिकवर एक खूण असते. ती नसेल तर पहिला तुकडा वाचायचा, असेल तर दुसरा. डाव्या काठाशी ती खूण काढली जाते, उजव्या काठाशी लावली जाते, आणि मधल्या भागात सॉनिकच्या कोनाने अर्धं वर्तुळ ओलांडलं की ती पालटते. चित्र बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. १९९२ च्या दुसऱ्या भागात यासाठी टक्करीचे दोन थर आणि ते पालटणाऱ्या अदृश्य रेषा आल्या. तुम्ही दुसरीच पद्धत घ्या. पातळी बनवणाऱ्याला ती नकाशावर ओढता येते आणि लूपशिवाय एकमेकांवरून जाणारे रस्तेही तिनेच होतात. गोडोमध्ये दोन कोलिजन लेअर (टक्करीचे थर) आणि एक एरिया (पात्र आत शिरल्याचं कळवणारा भाग) एवढ्यात ते बसतं.

आता १६ या आकड्याकडे पाहा. ब्लॉक १६ पिक्सेलचा. लोळताना आडव्या वेगाची मर्यादा १६ पिक्सेल प्रति फ्रेम. कॅमेरा एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १६ पिक्सेल सरकतो. पडद्याबाहेरून आत येणाऱ्या नकाशाची रांगही एका वेळी १६ पिक्सेल रुंदीची काढली जाते. माझ्या मते हा योगायोग नाही. एका फ्रेममध्ये एका ब्लॉकपेक्षा जास्त पुढे जायचंच नाही असं ठरवलं की सेन्सर भिंत चुकवत नाहीत आणि चित्र काढण्याचं कामही मर्यादेत राहतं. तुम्हाला याहून जास्त वेग हवा असेल तर एका फ्रेमची हालचाल दोन-तीन टप्प्यांत तोडा आणि प्रत्येक टप्प्यावर सेन्सर वाचा. आजच्या मशीनला त्याचं ओझं नाही.

उडीबद्दल थोडं. उडीचा जोर साडेसहा पिक्सेल, गुरुत्वाकर्षण दर फ्रेमला ५६ भाग. त्यातून सपाटीवरची उंची शंभरच्या आसपास पिक्सेल येते, म्हणजे सहा ब्लॉक, आणि वर जायला अर्धा सेकंद. बटण आधी सोडलं तर वर जाण्याचा वेग ४ वर आणून ठेवतात, एवढंच. छोट्या उडीसाठी वेगळा कोड नाही. उडी जमिनीला लंब दिशेने मिळते, त्यामुळे चढावरून उडालात तर मागे फेकले जाता. हवेत दिशा बदलण्याची ताकद जमिनीच्या दुप्पट, २४ भागांची. आणि तीव्र उतारावर पडलात तर पडण्याचा वेग धावण्याच्या वेगात बदलतो. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. उंचावरून उतारावर पडून सुसाट निघण्यात जी मजा आहे ती त्यामुळे हातची जाते.

चित्रांच्या बाबतीत त्यांनी केलेली काटकसर आजही वापरण्याजोगी आहे. चालण्या-पळण्याची चित्रं फक्त चार कोनांसाठी ठेवली: सरळ, ४५, ९० आणि १३५ अंश. बाकीच्या दिशा तीच चित्रं उलटीपालटी करून मिळवल्या. हालचालीचा कोन मात्र पूर्ण बारकाईने मोजला जातो. वेग जास्त असल्याने चित्र ४५ अंशांच्या टप्प्यांनी वळतं हे लक्षातही येत नाही.

चाल तयार झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका, कारण या चालीला शोभेल अशी जमीन लागते. नाका यांचा कोड, नाओतो ओशिमा यांचं पात्र आणि हिरोकाझू यासुहारा यांची पातळीरचना, हे तिन्ही मिळून सॉनिक होतो. ग्रीन हिलमध्ये रस्ते एकमेकांवर रचलेले आहेत. वरचा वेगवान आहे पण टिकून राहायला कौशल्य लागतं. चुकलात तर मरत नाही, खालच्या संथ रस्त्यावर येता. शिक्षा म्हणून वेळ जातो, जीव नाही. कड्या (वाटेत गोळा करायच्या सोनेरी रिंग्ज) सांभाळण्याची पद्धतही त्याच विचाराची: एक कडी हाताशी असेल तर मार खाऊनही जगता, कड्या आजूबाजूला उधळतात, कितीही असल्या तरी जास्तीत जास्त ३२ दिसतात, आणि त्यातल्या काही परत वेचता येतात. वेगात पळताना समोर काय येईल ते दिसत नाही, मग एका चुकीला मृत्यू ठेवणं अन्याय झाला असता.

याच गेममध्ये उलट उदाहरणही आहे. मार्बल झोनमध्ये लाव्हावर तरंगणाऱ्या ठोकळ्यावर उभं राहून वाट पाहावी लागते, लॅबिरिंथमध्ये पाण्याखाली कमाल धावच निम्मी होते. काही जण त्यांचं कौतुक करतात. मला दोन्ही ठिकाणी ही चाल वाया गेल्यासारखी वाटते. दोन सेकंद लावून वेग कमवणाऱ्या पात्राला दर दहा पावलांवर थांबवायचं असेल तर त्याला मारिओचे पाय द्यायला हवेत. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये वेग बटण धरून मिळतो, पात्र लवकर आवरतं आणि अडथळे त्या अचूकतेला साजेसे मांडलेले आहेत. तिथे ते बरोबर आहे. तुमच्या गेममध्ये अरुंद फळ्या आणि मोजून मारायच्या उड्या जास्त असतील तर सॉनिकची चाल घेऊच नका. लांब उतार, दऱ्या आणि फाटे असतील तर घ्या. नकाशा काढताना स्टार लाइट झोन समोर ठेवा. तिथे जमीन सतत खालीवर होते आणि धावणाऱ्याच्या वाटेत फारसं कुणी येत नाही.

कामाचा क्रम मी असा धरतो. पात्र सरकवून टक्कर आपोआप सोडवणारं गोडोचं ‘मूव्ह अँड स्लाइड’ वापरू नका. पात्राची जागा स्वतः बदला आणि सेन्सरसाठी रेकास्ट (एका दिशेने रेषा टाकून ती कशाला लागते ते पाहणं) किंवा, त्याहून चांगलं, टाइलच्या उंचींची स्वतःची यादी वापरा. प्रत्येक टाइलला कस्टम डेटामध्ये कोन लिहून ठेवा. हिशेब सेकंदाला ठरावीक ६० वेळाच करा. मूळ गेममध्ये सगळं फ्रेमवर मोजलेलं असल्यामुळे युरोपातल्या ५० हर्ट्झच्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) मशीनवर सॉनिक सरळसरळ मंद पळायचा. तुमच्याकडे ९० किंवा १२० हर्ट्झच्या मोबाइलवर उलटी गत होईल. आधी फक्त सपाट जमीन, मग ४५ अंशांपर्यंतचे चढ-उतार, मग लोळणं, मग चारही दिशा, आणि लूप सर्वात शेवटी. लूपपासून सुरुवात केली तर चूक चालीत आहे की नकाशात हे कळणारच नाही.

प्रत्येक टप्प्यावर नजरेचा अंदाज पुरत नाही, आकडे छापून पाहा. सपाटीवर कमाल वेगाला १२८ फ्रेम लागल्या पाहिजेत, उलट बटणाने थांबायला १२. बटण धरून ३० अंशांच्या चढावर दर फ्रेमला बरोबर ४ भाग कमी झाले पाहिजेत. जास्त कमी होत असतील तर घर्षण चुकून दोन्हीकडे लागतं आहे, कारण बटण दाबलेलं असताना घर्षण नसतं. मग इंग्रजी ‘यू’च्या आकाराची एक दरी काढा, दोन्ही काठ सारख्या उंचीचे. डाव्या काठावर किंचित वेग घ्या (अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी वेगात सॉनिक गोळा होत नाही), खाली दाबा आणि बटणं सोडून द्या. गोळा उजव्या काठावरून हवेत उडाला तर २० आणि ८० हे आकडे योग्य जागी बसले आहेत. काठाशी येऊन थांबला किंवा परत फिरला तर चढ कुठला आणि उतार कुठला हे ओळखणारी अट आधी तपासा: वेगाचं चिन्ह आणि कोनाच्या साइनचं चिन्ह सारखं असेल तर तो चढ.